क्रूसाचे हात काठापर्यंत का?
वर कुणीतरी विचारलंय, की इंग्लंडच्या जुन्या चांदीच्या पेनीवरचा क्रूस म्हणजे निव्वळ धार्मिक खूण का. धार्मिक आहेच, पण कामाचाही आहे. लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घ्यायचे. म्हणून १२४७ मध्ये, तिसऱ्या हेन्रीच्या काळात, क्रूसाचे हात पार काठापर्यंत नेले. टोकं गायब दिसली की नाणं कातरलंय हे लगेच कळावं. शिवाय क्रूस दुहेरी रेघांचा. मधून कापलं की अर्धी किंवा पाव पेनी तयार!

मला मात्र भोवतीची अक्षरं जास्त आवडतात. ‘निकोल ऑन लुंड’, म्हणजे नाणं पाडणारा लंडनचा निकोल. हातोड्याचा घाव तिरका बसला असेल तर एका बाजूची अक्षरं पुसट येतात. अशी नाणी मी जास्त वेळ बघत बसतो.