घराच्या पायरीपासून मोजा : लांबच्या मुक्कामाला निघतानाचा पहिला प्रवास

पुढच्या महिन्यात भाची दोन वर्षांसाठी परदेशी निघाली आहे. परवा रत्नागिरीला आमच्या पडवीत बसून तिने वहीत लिहिलं, ‘प्रवास – साडेनऊ तास.’ म्हटलं, बाई गं, हे सहार विमानतळाच्या पुढचं झालं. आपल्या पायरीपासून सहारपर्यंतचं कुठे धरलंस? महामार्ग चौपदरी होण्याची वाट बघता बघता तुझी शाळा आणि कॉलेज दोन्ही संपलं. वाटेत दरड आली तर आणखी तेवढेच तास.

म्हणून हा धागा. कोकणातून उठून दूरदेशी राहायला गेलेल्यांनी तो पहिला प्रवास लिहा, उंबऱ्यापासून तिकडच्या पहिल्या जेवणापर्यंत. ‘आयुष्य बदलून गेलं’ वगैरे नको. पिशवीत काय होतं ते सांगा.

चिपळूणची, सध्या जर्मनीत

मी निघाले 16 सप्टेंबर 2023 ला, शनिवारी. गणपती मंगळवारी. सगळी मुंबई कोकणात उतरत होती आणि मी एकटी उलट्या दिशेला. आमच्या डब्यात आडवं झोपायला जागा, आणि क्रॉसिंगला समोर थांबलेल्या गाडीच्या दारात माणसं लोंबकळताहेत. त्यातल्या एकाने मखराचा थर्माकोल डोक्यावर धरला होता. रडायचं ठरवलं होतं, पण त्याच्याकडे बघून हसूच आलं.

माझी कागदपत्रं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, एकात एक. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं चिखलात गेली. दुसऱ्या प्रती काढायला वर्ष गेलं. त्यामुळे बॅग हरवली तर हरवू दे, फाइल मांडीवरून हलू द्यायची नाही, अशी बाबांची ताकीद. विमानात जेवतानाही ती मांडीवरच होती, वर ट्रे.

आता कामाचं. युरोपात दूध, तूप, मांस घेऊन उतरता येत नाही. आईने कढवलेलं तूप आणि पेढे घरीच राहिले. सुका मासा मात्र चालतो, माणशी 20 किलोपर्यंत! आजीला हे कळल्यावर तिने असा चेहरा केला, जणू नियम तिलाच विचारून केला होता. सोडे आणि सुकट घेतली, पाव किलोच.

उतरले तो रविवार. तिकडे रविवारी दुकानं बंद, हे वाचलं होतं. उपाशी पोटी कळलं. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात कोणाचं तरी पातेलं मागून कुळथाची पिठी केली. ना तेल, ना लसूण. पाणी, पीठ, मीठ आणि दोन आमसुलं. गुठळ्या झाल्या. पातेलं रिकामं केलं.

देवगड, आता मस्कत

सुकं खोबरं बॅगेत घालू नका. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत ते आहे. मला हे काउंटरवर, सगळ्यांसमोर बॅग उघडून कळलं. घरच्या माडाच्या चौदा वाट्या तिथेच ठेवल्या. खोबरं भाजून, वाटून, काळं वाटप करून गोठवून न्या.

मालवण

मी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले, सहा महिने. आधी कधी विमान आतून बघितलेलं नव्हतं. निघायच्या दिवशी यजमानांनी देवाजवळ नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं : ‘बा देवा रामेश्वरा म्हाराजा, आज ह्या तुजा लेकरू सात समुद्रापलीकडे जाता हा, वाटेत काय अडचण-संकट इला तर दूर कर रे म्हाराजा!’ आणि शेजारपाजारचे सगळे, ‘व्हय म्हाराजा!’ नातू मध्येच विचारतो, देवाला पासपोर्ट लागत नाही का?

कुडाळला कोकणकन्या पकडली, दिवसभर डोंबिवलीला दिरांकडे, रात्री विमानतळ. लेकीने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मी फोनवर तिच्यावर उखडले, ‘माजे पाय धड आसत, मी कित्याक बसू गाडयेत?’ ती म्हणाली, ‘आई, ती गुडघ्यांसाठी नाही, इंग्रजीसाठी.’ बसले. खरं सांगते, त्या रांगेत माझ्यासारख्या दहा-बाराजणी होत्या, सगळ्या धडधाकट. आमचं छान जमलं. एकीने बेसनाचा लाडू दिला, मला सोमवार होता म्हणून बांधून ठेवला.

तर तो सोमवार. विमान सुटलं रात्री एकच्या सुमारास, म्हणजे सोमवार लागलेला. सोळा तास बसून उतरले तर तिथे सोमवारचीच सकाळ, साडेसात! माझ्या पोटाच्या हिशेबाने संध्याकाळ झालेली. उपास सोडावा की धरावा? जावई इंजिनीअर, त्यांनी गाडीत हिशेब केला : ‘तुमचा सोमवार साडेतेहतीस तासांचा आहे.’ मी धरला. देव इथला तोच तिथला, पण सूर्य त्यांचा. संध्याकाळी लेकीने वरणभात वाढला, तेव्हा मी ताटावरच पेंगत होते.

आत शिरताना साहेबाने काहीतरी विचारलं. मी लेकीने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचली, हसला, शिक्का मारला. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.

रेवदंड्याचा, जहाजावर

आमचा मुक्कामच चालता असतो, इथे बसतो की नाही ठाऊक नाही. पहिल्या वेळी सिंगापूरला उतरवून थेट लाँचमधून बाहेर नांगरलेल्या जहाजापर्यंत. उंच काळी भिंत आणि तिच्यावर दोरीची शिडी. बरोबरचा पंजाबी मुलगा पांढरा पडला. मी लहानपणापासून खाडीत होडीतून होडीत उड्या मारलेला. लाट वर आली की पाय टाकायचा, एवढंच. त्या दिवसापुरता मी हुशार ठरलो. पुढचे नऊ महिने नाही.

(धागा काढणारी : बसतो, बसतो. पुढचे नऊ महिनेही लिहा कधीतरी.)

खेड तालुका, आता घरीच

तुम्हा पोरांचं वाचून मजा वाटली. मी 1984 ला सौदीला गेलो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. एसटीने रात्रभर मुंबई, मग डोंगरीत गाववाल्यांच्या खोलीवर सतरा दिवस. खोलीत वीसेक माणसं, पाळीपाळीने झोपायचं. एजंट रोज म्हणायचा, उद्या. शाळा आठवीपर्यंतच, म्हणून सरकारी मंजुरीचा शिक्का लागायचा, तो आल्याशिवाय विमान नाही. दहावी नसलेल्यांना आखाती देशांत कामाला जाताना ती मंजुरी आजही लागते, पोरांनो, एजंट काही म्हणो.

विमानात माझ्या ओळीतल्या तिघांनाही पट्टा लावता येत नव्हता. उतरल्यावर कंपनीच्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, ते दोन वर्षांनी दिसले. पहिलं जेवण खबूस आणि डाळ. भात मिळेल का विचारायची हिंमत झाली नाही.

फोन महाग, पत्राला तीन आठवडे. म्हणून आम्ही कॅसेट भरून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पाठवायचो. घरून पहिली कॅसेट आली पावसाळ्यात. धाकट्या भावाने टेप चालू केलेला, पण अम्मीला ते कोणी सांगितलेलंच नाही. बराच वेळ नुसता कौलांवरचा पाऊस, कोंबड्या, कोणीतरी विहिरीवर कळशी आपटतंय. कॅसेटची बाजू संपायला आली तेव्हा तिचा आवाज : ‘झाला काय रे चालू?’