फौजदारी कायद्यातले 'वृद्ध' शब्द बदलून काय होणार?

रानवारा
कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. म्हणे फौजदारी कायद्यांतून आणि पोलिसांच्या कागदांतून 'वृद्ध', 'अशक्त' काढून सगळीकडे 'ज्येष्ठ व्यक्ती' लिहा, म्हणजे बघायची दृष्टी बदलेल. १२ वर्षांखालचं मूल टाकून दिलं तर भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे-शिक्षांच्या कायद्याच्या) कलम ९३ खाली ७ वर्षांपर्यंत कैद. आईबापांना टाकून दिलं तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याचं कलम २४: फार तर ३ महिने किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तेही जामीनपात्र! आणि त्या कायद्याच्या नावातच 'ज्येष्ठ नागरिक' आहे. सन्मानाचा शब्द असून काय फरक पडला? आधी शिक्षा वाढवा.

शेवंती_०७
फरक पडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-तपासाच्या कायद्याच्या) कलम ३५(७) मध्ये 'अशक्त किंवा ६० वर्षांवरील' हे जोडीनेच येतं. तरतूद चांगली आहे, ३ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक नाही. पण साठी म्हणजे दुबळेपणा, हे डोक्यात बसतं. माझ्या मावशीला फोनवरून फसवलं. तक्रार द्यायला गेलो तर अंमलदार सगळं मलाच विचारत होता. "यांना नीट आठवतं का?" मावशी समोर बसलेली, खाते क्रमांक तिला तोंडपाठ!

जुना_कारकून
शब्द कुठलाही घाला, आकडा काढू नका. साक्षीदाराला ठाण्यात बोलावता येत नाही ती वयोमर्यादा आधी ६५ होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये ६० आहे. नुसतं 'ज्येष्ठ' लिहिलंत तर प्रत्येक खटल्यात त्यावरच वाद.

पाणकळा
तुम्ही शब्दांवर भांडा. आमच्या वडिलांनी राहतं घर भावाला बक्षीसपत्राने दिलं. सांभाळायची अट लिहिली नाही, पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं म्हणून. आता प्रांत कार्यालयात खेटे घालतायत.

जुना_कारकून
त्याच २००७ च्या कायद्याचं कलम २३ बघा: सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर, परत मागता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की हा कल्याणकारी कायदा आहे, अर्थ उदारपणे लावा. या कायद्याखालचं न्यायाधिकरण (प्रांतांकडचं) ताबाही परत देऊ शकतं. पण सांभाळायची अट होती हे दाखवावं लागतंच. वेगळा कागद, काहीतरी लेखी शोधा.

एकटा_मुलगा
दरवेळी मुलगाच खलनायक का? आईचं सगळं मी करतो. बहीण लांब राहते आणि आईला पुढे करून माझ्याविरुद्ध अर्ज करते. घरावर डोळा आहे, दुसरं काही नाही.

पाणकळा
आमचा भाऊही हेच बोलतो. शब्दन् शब्द.

एकटा_मुलगा
मला ओळखत नसताना भावाच्या रांगेत बसवू नका. रात्री आईला उठवून बसवायला मी असतो, तुम्ही नाही.

शेवंती_०७
दोघंही थांबा. घर कोणाचं, यावर सगळे बोलले. त्या आईला काय हवंय, हे एकानेही विचारलं नाही. ठाण्यातही हेच झालं होतं.

रानवारा
मावशींचं पटलं, तेवढ्यापुरतंच. ज्याची तक्रार त्याच्याशीच बोला, असं नियमात घाला. शब्दही बदला हवं तर. पण कलम २४ आधी.

शेवंती_०७
आधी कशाला? दोन्ही दुरुस्त्या एकाच विधेयकात बसतात.