गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी काळा चट्टा उठतो, बाबांना काय झालंय?

देवगडची_कलमं
नमस्कार मंडळी. बाबा साठी ओलांडलेले, आमची थोडी कलमं आणि खाली भातशेती, तब्येत तशी ठणठणीत, फक्त बीपीची अॅम्लोडिपिन चालू आहे. प्रॉब्लेम असा की पोट बिघडलं की त्यांना एक गोळी लागते, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलवाली, मागे कधीतरी डॉक्टरांनी लिहून दिली होती आणि ती चिठ्ठी त्यांनी जपून ठेवलीय, तीच दाखवून मेडिकलमधून आणतात. शिमग्यात घेतली तेव्हा उजव्या हाताच्या पाठीवर आणि खालच्या ओठाच्या कडेला गोल लालसर-जांभळा चट्टा उठला, आधी चुरचुरलं मग मधोमध फोड आला. तेव्हा काजू चालू होते म्हणून सगळे म्हणाले चीक लागला असेल. पण गणपतीत परत गोळी घेतली, परत सेम. भाद्रपदात कुठला आलाय काजूचा चीक? आई म्हणते पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावलं, काही फरक नाही. आता परवा परत गोळी, संध्याकाळपर्यंत परत तीच जागा तोच ओठ, आणि जुना काळा डाग होता तो अजून गडद. त्यात लावणी चालू आहे, आरोग्य केंद्रातून लेप्टोसाठी (चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) डॉक्सीची म्हणजे डॉक्सीसायक्लिनची गोळी दिलीय, ती घ्यायला ते आता घाबरतायत. हे नक्की काय आहे आणि पुढे काय काळजी घ्यायची?

कणकवली_मेडिकलवाला
दादा, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे नक्की काय ते स्किनवाल्यांनाच बघू दे. पण तुम्ही जे लिहिलंय ते फिक्स्ड ड्रग इरप्शनचं अगदी पुस्तकातलं वर्णन आहे. एखाद्या औषधाची अॅलर्जी शरीर ठरावीक जागीच लक्षात ठेवतं, त्या जागच्या कातडीत काही पेशी दबा धरून बसतात आणि तेच औषध परत पोटात गेलं की तिथेच भडका उडतो. ओठ, हात आणि लघवीची जागा ह्या नेहमीच्या जागा. पहिल्यांदा उशिरा येतो, नंतर काही तासांत. डाग महिनोन् महिने जात नाही आणि दरवेळी जागा वाढू पण शकतात, म्हणून परत घेऊन बघूया हा उद्योग घरी अजिबात नको.

पित्त उठतं ते वेगळं, त्याच्या गांध्या येतात, फिरतात आणि एक गांधी सहसा दिवसभरात विरते, मागे डाग राहत नाही. चिकाचं म्हणाल तर चीक जिथे लागला तिथेच जळतं, आणि तो हंगामातच.

आता महत्त्वाचं. त्या गोळीत दोन औषधं आहेत आणि ह्या दोन्ही प्रकारच्या औषधांनी असे चट्टे येतात, त्यामुळे दोषी कोण ते कळेपर्यंत दोन्ही बंद. नुसता ब्रँड बदलून काही होत नाही, तेच मिश्रण ढीगभर नावांनी मिळतं. स्ट्रिपवर मोठ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचायचं. आणि ऑर्निडाझोल नको म्हटल्यावर मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, तसंच ऑफ्लॉक्सासिनच्या जागी सिप्रो किंवा नॉरफ्लॉक्स, हे पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, एकाच घरातली भावंडं आहेत ती. खरं तर साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, ओआरएस आणि पेज पुरते. ती जुनी चिठ्ठी आधी फाडा.

वेंगुर्ला_बीच_बॉय
एवढं काय त्यात, सोबत एक सेट्रिझिन घ्यायची आणि कोर्स पूर्ण करायचा, आमच्याकडे सगळे तेच करतात

कणकवली_मेडिकलवाला
नाही हो. सेट्रिझिनने खाज कमी होते, आतली रिअॅक्शन थांबत नाही. खाज थांबली म्हणून माणूस गोळी चालू ठेवतो आणि मग गाडी हाताबाहेर जाते.

कुडाळची_मावशी
अरे झिला, तोंडार कसली ट्यूब मात्र लावू नको हां! आमच्या शेजारणीन अशीच मेडिकलातसून तीन औषधांची मिक्स ट्यूब आणून लावल्यान, स्टिरॉइड होता त्यात, कातडी पातळ झाली आणि मुरमां वायली. स्टिरॉइडच्या ट्यूबी शेड्यूल एच मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, तरी मिळतात, रागावू नका मेडिकलवाले. साधं कॅलामाइन, कोमट पाण्याने आंघोळ, सुती सैल कपडे आणि फोड फोडायचा नाही, एवढं डॉक्टरांकडे जाईपर्यंत पुरतं. ओठाला नुसतं व्हॅसलीन.

सावंतवाडी_अनघा
वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते, लांबलं तर माफ करा. माझ्या भावाला फिटसाठी कार्बामाझेपिन सुरू केलं होतं, तिसऱ्या आठवड्यात ताप, डोळे लाल, सगळ्यांना वाटलं साथीचा ताप असेल, मग छातीवर पुरळ आलं तर घरात गोवर-कांजिण्यांची चर्चा आणि कडुलिंबाचा पाला अंथरूणावर, जवळच्या एका डॉक्टरांनी अॅलर्जीचं इंजेक्शन दिलं आणि गोळी चालूच ठेवा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड आतून सोललेलं, पाणी गिळता येईना, पाठीची कातडी हात लावला तरी दुखत होती. तसंच गाडीत घालून बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम निघाला, म्हणजे औषधाने कातडी आणि तोंड सोलून काढणारी जिवावरची रिअॅक्शन. वाचला, डोळ्यांना अजून ड्रॉप्स चालू आहेत.

त्यामुळे पुरळासोबत ताप, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड, डोळे लाल, कातडी दुखणं किंवा सुटणं, चेहऱ्याला सूज, ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल, उद्या बघू नाही. श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला तर थेट १०८. युरिक अॅसिडची अॅलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, फिटची फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन, ही औषधं नवीन चालू केली की पहिले दोन महिने अंगावर लक्ष ठेवायचं. आणि फिटची गोळी आपल्या मनाने बंद पण करू नका, एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते, तेव्हा लगेच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून बदलून घ्यायची. भावाला आता फेनिटॉइन पण द्यायची नाही असं लिहून दिलंय, ते कार्ड लॅमिनेट करून पाकिटात असतं.

देवगडची_कलमं
बापरे अनघाताई. बाबांना ताप नाही, डोळे स्वच्छ आहेत, तोंडात आतून पण बघितलं बॅटरी लावून, फक्त ओठाची कड. चिठ्ठी फाडली (आरडाओरडा झाला घरात). डॉक्सीचं काय करू?

कणकवली_मेडिकलवाला
डॉक्सी त्या दोघांच्या घरातली नाही. तरी असे चट्टे डॉक्सीनेही येतात कधीकधी, म्हणून आरोग्य केंद्रात आधी हा हात दाखवा आणि त्यांनी हो म्हटलं तरच. नको म्हणाले तर निदान गमबूट आणि पायाची जखम झाकून मगच चिखलात. डॉक्सी आठवड्याला एकदा २०० मिलीग्रॅम म्हणजे १०० च्या दोन गोळ्या देतात. जेवून घ्यायची, ग्लासभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी घशाखाली अडकून अन्ननलिका जळते. दुधासोबत किंवा अॅसिडिटीच्या गोळीसोबत नको. अजून एक, डॉक्सीवर ऊन सोसत नाही. लावणीत मध्येच कडक ऊन पडतं तेव्हा इरल्याने पाठ झाकते पण मान आणि हात उघडे राहतात, तिथे भाजल्यासारखी लाली येते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. गरोदर बाया आणि ८ वर्षांखालच्या पोरांना ती देत नाहीत, तेव्हा घरातल्या इतरांना वाटू नका.

आणि हो, चट्टा ताजा आहे तोवर मोबाईलवर फोटो काढा, तारीख आपोआप येते. रिकामी स्ट्रिप फेकू नका, आजच्या सगळ्या गोळ्या, काढे, आयुर्वेदिक पुड्या पण, पिशवीत भरून ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्या. औषधाची रिअॅक्शन रिपोर्ट करायला सरकारी टोल फ्री पण आहे, १८००-१८०-३०२४, ऑफिसच्या वेळेत, पेशंट स्वतः पण करू शकतो.

देवगडची_कलमं
फोटो काढले, सोमवारी ओरोसला जातोय. बाबा विचारतायत, बीपीची गोळी पण थांबवू का म्हणून?

कणकवली_मेडिकलवाला
नको, ती चालू ठेवा. चट्टा त्या पोटाच्या गोळीसोबतच येतो, बीपीची रोज घेतात तरी मधल्या महिन्यांत काही उठलं नाही. स्ट्रिप मात्र पिशवीत घाला.