मदत हवी आहे: 'अपार'च्या संमतीपत्रावर सही न करता गप्प राहावं की लेखी लढावं?

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे. शाळेने 'अपार' ओळखक्रमांकासाठी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींचा, आधारशी जोडलेला कायमचा क्रमांक) पालकांचं संमतीपत्र मागितलंय. सरकार म्हणतं ते ऐच्छिक आहे, पण वर्गशिक्षिका रोज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राहिलेल्या मुलांची नावं टाकतात. काल आमच्या लेकीचं नाव एकटंच उरलं होतं. मग याला संमती कशी म्हणायची?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असंही स्पष्ट झालं. आधारविरुद्धची मूळ याचिका निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींनी ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये केली होती. त्यांचं मला फार मोल वाटतं. म्हणून लेखी नकार द्यावा, पोच घ्यावी, माहिती अधिकारात सक्तीच्या आदेशाची प्रत मागावी आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात जावं, असं माझं मत.

बायकोचं म्हणणं वेगळं: सही करायची नाही, वादही घालायचा नाही, फारच झालं तर शाळा बदलू. तिची काळजी खरी आहे, त्रास पोरीलाच होणार. पण आपण गुपचूप बाजूला झालो तर पुढच्या पालकांवर तोच दबाव येईल, हे मला सोसवत नाही.

कुणी लेखी नकार दिलाय का? पत्र मुख्याध्यापकांना दिलंत की थेट शिक्षणाधिकाऱ्यांना? नंतर मुलांना शाळेत कसं वागवलं? मसुदा असेल तर कृपया पाठवा.