कापसाच्या फवारणीवर पीएचडी होते, पण फवारणाऱ्याचं रक्त कोण तपासतं?

काळीमाती:

मी कीटकशास्त्रात पीएचडी करते आहे. पहिलं वर्ष. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. माझा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मागच्या महिन्यात मंजूर झाला, पण त्यातलं एक उद्दिष्ट गाळून. ते असं होतं: हंगामाच्या आधी, मध्ये आणि नंतर फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज (नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम, जे काही कीटकनाशकांमुळे घटतं) मोजणे. समितीचं मत पडलं की हा वैद्यकीय विषय आहे, कीटकशास्त्राचा नाही. समितीतल्या कुणाबद्दलही मनात राग नाही, त्यांनी मला नीट ऐकून घेतलं. पण प्रश्न मनातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

माझा प्रयोग असा आहे. आठ ट्रीटमेंट (फवारणीचे वेगवेगळे पर्याय), तीन रेप्लिकेशन (प्रत्येक पर्याय तीन प्लॉटांत). प्रत्येक प्लॉटमधली हिरवी बोंडं फोडायची आणि गुलाबी बोंडअळ्या मोजायच्या. पानामागचे तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी मोजायची. ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक किती मेले, त्याचा वेगळा तक्ता. शेवटी कापसाचं उत्पादन आणि खर्च-लाभाचं गुणोत्तर. म्हणजे आपल्या बाजूने लढणाऱ्या किड्यांसाठीसुद्धा प्रबंधात रकाना आहे. पाठीवर पंप घेऊन त्याच चोवीस प्लॉटांतून जो माणूस फिरतो, त्याच्यासाठी नाही.

२०१७ चा खरीप आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. कापूस माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता. रसशोषक किडींचा जोर होता, बोंडअळीची धास्ती होती, आणि दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळून लोक नोझल वर धरून फवारत होते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ते अपघात होते असं मी मानत नाही. जी फवारणी आपण वर्षानुवर्षं 'परिणामकारक' म्हणून तपासत आणि सुचवत आलो, तिचाच तो एक परिणाम होता. तो मोजायची सोय आपण ठेवली नव्हती, एवढंच.

मोजायचं मनावर घेतलं तर आपल्याला जमतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, बागायतदार बुडाले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांत ते रसायनही तपासलं जाऊ लागलं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने अवशेष-तपासणीत जे काम उभं केलं आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यातून हेही दिसतं की खाणाऱ्याच्या ताटातला अंश आपण मोजतो आणि पिकवणाऱ्याच्या अंगातला मोजत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: रासायनिक फवारणीवरच्या कुठल्याही पीएचडी प्रबंधात फवारणाऱ्याच्या आरोग्याचं एक प्रकरण सक्तीचं असावं. तुम्हाला काय वाटतं?

जुना मार्गदर्शक:

काळीमाती, तुमची तळमळ पोचली. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं आहे आणि त्या समितीत असतो तर मीही ते उद्दिष्ट गाळलं असतं. का, ते सांगतो.

पीएचडी ही एक प्रश्न नेटका विचारायची आणि त्याचं उत्तर टिकेल असं द्यायची तालीम आहे. नियमाने तुमच्या हातात तीन ते सहा वर्षं आहेत, आणि त्यातले कापसाचे हंगाम फार तर तीन. एका हंगामाला पावसाने दगा दिला की दोनच उरतात. त्यात तुम्ही माणसांचं रक्त घेणार. त्यासाठी मानवी संशोधनाची नैतिक समिती लागते. ती वैद्यकीय महाविद्यालयात असते, कृषी विद्यापीठात सहसा नसते. रक्त कोण काढणार, थंड कोण ठेवणार, कुठल्या प्रयोगशाळेत जाणार?

समजा हे सगळं जमलं, तरी तुम्हाला मिळतील तीस-चाळीस मजूर. त्यातला कुणी दारू घेतो, कुणाला आधीच कावीळ होऊन गेलेली, कुणी दुसऱ्याच्या शेतात वेगळंच औषध मारून आलेला. या आकड्यांवरून तुम्ही जो निष्कर्ष काढाल, तो कंपनीचा तज्ज्ञ दहा मिनिटांत मोडून काढेल. मग लोक म्हणतील, विद्यापीठाने तपासलं आणि काही सापडलं नाही. कच्चं प्रकरण त्या मजुराच्या बाजूने उभं राहत नाही, त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. तुमच्या सक्तीला माझा विरोध आहे तो यासाठी.

ग्रामीण दवाखाना:

मी विदर्भातल्या एका तालुक्यात डॉक्टर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्याकडे येणारा फवारणीचा रुग्ण कसा असतो ते आधी सांगते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, अंग घामाने निथळलेलं, मांडीचे स्नायू कातडीखाली थरथरताना दिसतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक असेल तर छातीतला स्राव सुकेपर्यंत अ‍ॅट्रोपिन हा उतारा देत राहायचं. पण मी नातेवाईकांना विचारते, काय फवारलं? उत्तर येतं, 'औषध'. डबा शेतातच राहिलेला असतो, आणि टाकीत तीन डब्यांचं मिश्रण असतं. त्या तिघांचा मिळून माणसावर काय परिणाम होतो, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. हे कुणीतरी शोधायला हवं, इथपर्यंत मी काळीमातीच्या बाजूने आहे.

पण ताई, तुमच्या चाचणीबद्दल दोन गोष्टी. कोलिनेस्टरेज फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटाचं विष दाखवतं. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन या दुसऱ्या गटांतल्या कीटकनाशकांनी माणूस आजारी पडला तरी तो आकडा हलणार नाही. तुम्ही लिहाल 'नॉर्मल', आणि तो माणूस मात्र माझ्या खाटेवर असेल.

दुसरं, या एन्झाइमची पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते. म्हणून एकदाच रक्त घेऊन काही कळत नाही. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशा कामगारांवर वैद्यकीय देखरेखीचा नियम आहे. तिथे आधी त्या माणसाची स्वतःची मूळ पातळी काढतात. तिच्यापेक्षा वीस टक्के घट झाली की कामाची पद्धत तपासायची, आणि तांबड्या पेशींतली पातळी तीस टक्के घसरली की त्याला विषाच्या कामावरून काढून दुसरं काम द्यायचं. आपल्याकडेही १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हे काम करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. शेतावरच्या रोजंदारी माणसाची ती कुणी करताना मी पाहिलं नाही.

पऱ्हाटी:

मी दहा एकरवाला. पंप सोता मारतो अन् गडीबी लावतो. मले एक सांगा, रक्त तपासून आकडा कमी आला तर त्या दिवसापासून त्याची मजुरी कोन देनार? डॉक्टर मॅडम म्हनतात दुसरं काम द्या. आमच्याकडं त्या महिन्यात फवारनी हेच काम असते. तो गडी घरी बसन का? बाजूच्या गावात जाऊन पंप उचलन, अन् रक्त द्याले पुन्हा येनार नाई.

तुमच्या प्रबंधावर माया राग नाई. पन आमाले पाह्यजे ते येगळंच हाय. कोनतं औषध कोनत्याबरोबर मिसळू नये, हे एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. कृषी केंद्रावाला तीन डबे हातात ठेवते अन् वरून टॉनिक देते. त्याले विचारलं त तो म्हनते चालते. विद्यापीठाची शिफारस एका-एका औषधाची असते, अन् आमी मारतो मिश्रन. मंग तुमचा प्रयोग आमच्या वावरातला कसा म्हनावं? सप्टेंबरच्या उकाड्यात अंगभर प्लॅस्टिक घालून पंप मारून पाहा एकडाव, अर्ध्या तासात चक्कर येते.

काळीमाती:

पऱ्हाटी दादा, तुमचा मजुरीचा प्रश्न मी सिनॉप्सिस लिहिताना विचारातच घेतला नव्हता. ही माझी मोठी चूक होती. ज्याचं रक्त घ्यायचं त्याचा बुडालेला रोज भरून द्यायची तरतूद नसेल तर ते रक्त घेण्याचा मला अधिकार नाही. आणि मिश्रणाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. आम्ही ट्रीटमेंट एकेरी ठेवतो कारण तसं विश्लेषण स्वच्छ येतं. वावरात मात्र तशी स्वच्छ फवारणी कुणी करत नाही.

सर, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि नाहीही. कच्च्या निष्कर्षाने नुकसान होतं, हे मान्य. पण 'हा आपला विषय नाही' असं कृषीवाले म्हणतात, 'शेतात काय चालतं ते आम्हाला ठाऊक नाही' असं वैद्यकवाले म्हणतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं, पशुविज्ञानाचं नागपूरला, आरोग्याचं नाशिकला. फवारणाऱ्याचं शरीर या सहांपैकी कुणाच्या हद्दीत येतं? डॉ. अभय बंग यांनी रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब मांडला तेव्हा त्या कामाला किती उष्मांक लागतात इथून सुरुवात केली. मजुरीचा प्रश्न अर्थशास्त्राचा की वैद्यकाचा, याचा निकाल लागेपर्यंत ते थांबले नाहीत.

रक्त जमणार नसेल तर निदान अंगावर किती विष पडतं ते तरी मोजू द्या. कपड्यांवर छाती, मांडी, दंड अशा ठिकाणी सुती तुकडे लावायचे, फवारणीनंतर ते काढून त्यातले अवशेष मोजायचे. विष बहुतेक कातडीतूनच आत जातं. यासाठी लागणारी उपकरणं अवशेष प्रयोगशाळेत आहेत आणि सुईही टोचावी लागत नाही.

पाणीपातळी:

मला ही सगळी चर्चा एका पायरीने खाली वाटते. सर्वांत जहाल औषधं बाजारातच नसतील तर मोजायचं काय? श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान. पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं आणि भाताचं उत्पादन त्या बंदीमुळे पडलं नाही. आपल्याकडे २०१३ मध्ये बिहारच्या छपऱ्याजवळ शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेलं, २३ मुलं दगावली. ते बंद करायचा आदेश निघायला २०२३ उजाडलं. मधल्या दहा वर्षांत प्रबंध कमी लिहिले गेले का? उत्तर माहीत असताना आणखी संशोधन मागणं म्हणजे टाळाटाळ.

जुना मार्गदर्शक:

श्रीलंकेचंच पुढचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर आणि कीटकनाशकांवर एका फटक्यात आयातबंदी आली. भाताचं पीक कोसळलं, चहा घसरला, आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. पहिली बंदी का टिकली? कारण कुठलं औषध माणूस मारतं आणि त्याच्या जागी काय वापरता येईल, हे आधी माहीत होतं. ती माहिती दवाखान्यांतून, वर्षानुवर्षं गोळा केलेल्या नोंदींतून आली. म्हणजे संशोधन हवंच. ते एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर नको, एवढंच मी म्हणतो आहे.

पाणीपातळी:

सर, दोन्ही बंद्यांना एका तराजूत घालू नका. एक निवडक होती, दुसरी सरसकट. मी निवडक बंदीच मागतो आहे.

वेचणीवाली:

इथे सगळे पंपवाल्याबद्दल बोलत आहेत. माझी आई पंप मारत नाही. ती विहिरीवरून पाणी आणून टाकी भरून देते, औषध काडीने ढवळते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत (कापसाच्या झाडांत) निंदायला जाते. नंतर दोन महिने कापूस वेचते. संध्याकाळी वडिलांचे फवारणीचे कपडे बाकीच्या धुण्यात तीच धुते. तिला डोकेदुखी असते, मळमळ असते, आणि आमच्या घरात तिला 'उन्हाचा त्रास' म्हणतात. काळीमाती ताई, तुमचे ते सुती तुकडे तिच्याही पदराला आणि बाहीला लावाल का? तुमच्या यादीत 'फवारणी करणारे मजूर' एवढंच असेल तर ती त्यात येणार नाही.

काळीमाती:

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझी आईही हेच करायची आणि तरी माझ्या सिनॉप्सिसमध्ये ती नव्हती. टाकी भरणाऱ्या, निंदणाऱ्या आणि वेचणाऱ्या बायका यादीत येतील.

जुना मार्गदर्शक:

सक्तीला माझा विरोध कायम आहे. पण सुती तुकड्यांचं काम तुमच्या विषयातच बसतं, ते सुधारित सिनॉप्सिसमध्ये घाला, समितीला नाही म्हणता येणार नाही. एक ट्रीटमेंट शेतकरी खरोखर मारतात त्या मिश्रणाची ठेवा. पऱ्हाटी यांचा मुद्दा शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे, आणि मिश्रणाची आकडेवारी असल्याशिवाय जॉइंट अ‍ॅग्रेस्कोमध्ये (कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत) 'हे मिसळू नका' अशी शिफारस मांडता येत नाही. रक्ताचं काम वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहमार्गदर्शकाशिवाय करू नका.

ग्रामीण दवाखाना:

सहमार्गदर्शक शोधायला मी मदत करते. माझे एक शिक्षक रोगप्रतिबंधक विभागात आहेत, त्यांना विचारते. पण तारखेचं भान ठेवा. मूळ पातळी काढायची तर त्या माणसाने आधीचा महिनाभर कुठलीही फवारणी केलेली नसावी. तुमच्याकडे पहिली फवारणी जुलैत सुरू होते, आणि काही जण त्याआधीच तणनाशक मारायला जातात. म्हणजे रक्त मे महिन्यातच घ्यावं लागेल. नैतिक समितीचा अर्ज त्याच्या कितीतरी आधी गेला पाहिजे.

पऱ्हाटी:

मे मधे गडी लग्नाकार्याच्या गडबडीत असतात, गावोगाव पांगलेले. अक्षय्य तृतीयेले सारे गावात सापडतात, वर्षाचा सालदार त्याच दिवशी ठरते. तवा या. माया वावरातले पाच जन मी सांगून ठेवतो. रोजाचं पैलेच बोलून घ्या.