लाल वाइनची आम्लता आणि सल्फाईट: टायट्रेशनचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न
नाशिकच्या काळ्या द्राक्षांची १० लिटर वाइन आहे, पीएच ३.६. आम्लतेच्या टायट्रेशनला (थेंब थेंब द्रावण घालून मोजणी) नमुना १० मिली, ०.१ नॉर्मल (ताकदीचं एकक) कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साईड), फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक). गुलाबी कधी झालं तेच दिसत नाही. एकदा ८ मिली लागलं, एकदा १०. मुक्त (कशाशी न बांधलेल्या) सल्फाईटला २५ मिली वाइनला ०.०२ नॉर्मल आयोडीन १.७५ मिली लागलं, म्हणजे ४५ मिग्रॅ/लिटर. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, सल्फाईट देणारी पूड) आता घालायला नको ना?

प्रतिसाद १
लाल वाइन कॉस्टिक पडताच आधी हिरवट-राखाडी होते. बरेच जण तिथेच थांबतात आणि चुकतात. ५ मिली वाइन घ्या, उकळून गार केलेलं १०० मिली डिस्टिल्ड पाणी घाला, मग गुलाबी झाक दिसते. पीएच मीटर आहेच, तर सरळ ८.२ वर थांबा. लागलेले मिली गुणिले १.५ म्हणजे आम्लता, टार्टारिक (द्राक्षातलं मुख्य आम्ल) धरून ग्रॅम/लिटर (१० मिली नमुन्याला ०.७५). आधी वाइन ढवळून गॅस पूर्ण काढा, नाहीतर कार्बन डायऑक्साईडही आम्ल म्हणून मोजला जातो.

प्रतिसाद २
कॉस्टिक कधीचं आहे? उघड्या बाटलीत ते हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून उतरतं, मग जास्त लागतं आणि आम्लता फुगते. ताकद तपासायला ०.२०४ ग्रॅम पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटला (ठरलेल्या शुद्धतेचं घन आम्ल) बरोबर १० मिली लागायला हवं. १०.५ लागलं तर ताकद ०.०९५ नॉर्मल धरा.

प्रतिसाद ३
४५ वर विसंबू नका. लाल वाइनमधले टॅनिन आणि रंगद्रव्यंही आयोडीन खातात. दुसऱ्या २५ मिलीत थोडं अ‍ॅसिटाल्डिहाईड घालून दहा मिनिटं ठेवा. सल्फाईट बांधलं जातं, त्यानंतर लागणारं आयोडीन वजा करायचं. दोन्ही वेळा ५ मिली २५ टक्के सल्फ्युरिक (पातळ करताना आम्ल पाण्यात, उलट कधीच नाही), स्टार्च, आणि भराभर टायट्रेशन. रेंगाळलात तर बांधलेलं सल्फाईट सुटून आकडा चढतो. फ्लास्कमागे पिवळा दिवा ठेवला की निळा-काळा रंग ओळखू येतो.

प्रश्नकर्ता
वजा करायचं आयोडीन ०.७ मिली आलं.

प्रतिसाद ३
मग १.७५ वजा ०.७ म्हणजे १.०५ मिली; गुणिले २५.६ (या नमुन्याला आणि आयोडीनला १ मिलीमागे इतके मिग्रॅ/लिटर), म्हणजे जेमतेम २७. पीएच ३.६ ला ०.५ मिग्रॅ/लिटर मॉलिक्युलर सल्फाईटसाठी (मुक्त सल्फाईटचा जंतूंना रोखणारा भाग) मुक्त ३१ तरी हवं. मॅलोलॅक्टिक (जिवाणूंनी मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करणं) संपलं असेल तरच १० लिटरला ०.१८ ग्रॅम केएमएस थोड्या वाइनमध्ये विरघळवून घाला. हिशेबाने १० मिग्रॅ/लिटर वाढतं, पण काही बांधलं जाणार. दोन दिवसांनी पुन्हा मोजा.