विषय: जुन्या साब ९-५ गाडीला कोणतं इंजिन बसवावं?

नमस्कार मंडळी,

आमची २००२ ची साब ९-५ एरो वॅगन, १ लाख ४८ हजार मैल झालेली, गेल्या आठवड्यात वूस्टरजवळ हायवेवर बसली. तेलाचा लाल दिवा लुकलुकला, मी कशीबशी पुढच्या एक्झिटपर्यंत नेली, तोवर आतून हातोडी मारल्यासारखी ठकठक सुरू झाली होती. गॅरेजवाला म्हणतो, कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं, इंजिन बदला. त्याने ८० हजार मैल चाललेलं एक जुनं इंजिन शोधलंय आणि त्याला उद्या सकाळी उत्तर हवंय. घरात सगळे म्हणतात, भंगारात द्या. पण दोन्ही मुलांना हॉस्पिटलमधून याच गाडीने घरी आणलं. माझा जीव होत नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया आजच लिहा.

— शुभा

*

शुभा,

उद्या होकार देऊ नकोस. आधी एवढंच विचार, की त्या इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, कुणी उघडून पाहिलंय का?

मी पिंपरीला इंजिन असेंब्लीवर अकरा वर्षं काढली आणि इथे अमेरिकेत आल्यावर दोन ९-५ वापरल्या, म्हणून लिहितोय. या गाडीचं दुखणं जुनं आहे. १९९९ ते २००३ च्या चार सिलिंडरच्या इंजिनांत तेलाचा गाळ धरतो. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, वाफ बाहेर काढायची सोय तोकडी, धूर शुद्ध करणारा तापता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चेंबरच्या जवळ, त्यामुळे तेल भाजत राहतं. त्यात तेल बदलायला उशीर झाला किंवा साधं मिनरल तेल पडलं की तळाशी डांबर जमतं. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती तुंबली की पंपाला तेल मिळत नाही, दाब पडतो आणि बेअरिंग कोरडं चालतं. तुझ्या गाडीचं बहुतेक हेच झालंय. कंपनीने पुढे या इंजिनांची हमी ८ वर्षांपर्यंत वाढवली होती, मैलांची अट न घालता. ती मुदत कधीच सरली, आणि डिसेंबर २०११ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली.

म्हणून ८० हजार या आकड्यावर माझा भरवसा नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी ६० हजारांचं इंजिन आणून तसंच चढवलं. सात महिन्यांत पुन्हा लाल दिवा. चेंबर उतरवलं तर दुधाच्या पातेल्याला धरते तशी काळी खरवड, आणि जाळीची निम्मी भोकं बुजलेली. इंजिनातल्या चेनच्या गाइडचे (तिला जागेवर ठेवणाऱ्या पट्ट्यांचे) प्लास्टिकचे तुकडेही तिथेच अडकले होते. इंजिन स्टँडवर असताना चेंबर काढायला फार वेळ लागत नाही. गाडीत बसल्यावर तेच काम दिवसभराचं होतं.

माझं मत विचारशील तर २००४ किंवा त्यानंतरच्या ९-५ चं इंजिन शोध. त्या वर्षापासून वाफेची व्यवस्था सुधारली. त्याआधीचंच मिळालं तर सुधारित व्हेंटिलेशन किट लावल्याशिवाय चढवू देऊ नकोस. भंगार यार्डाला इंजिनाचा कोड विचार. तुझं बी२३५आर आहे, २५० अश्वशक्तीचं. साध्या मॉडेलचं बी२३५ई त्याच घराण्यातलं, पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लहान. आणि साबचंच दुसरं मॉडेल, २००३ पासूनच्या नव्या ९-३ चं २ लिटरचं इंजिन कुणी 'हेही साबचंच' म्हणून गळ्यात मारू पाहील, ते घेऊ नकोस. ते इंजिनच निराळं, बसणार नाही.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो तो आकडा) लिहून माग. चार आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादाच खाली गेलेला नको.

— आप्पा, नॅशुआ

*

शुभाताई,

आप्पांचं सगळं पटतं, फक्त एक भर. बेअरिंग गेलं की त्याचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरतो. टर्बोचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्यात तो चुरा गेला असणार. जुनं टर्बो नव्या इंजिनावर चढवू नका. ऑइल कूलर असेल तर तोही बदला, कितीही धुतला तरी आत कण राहतात. माझ्या गाडीत हीच चूक झाली आणि नवं आणलेलं इंजिन पुन्हा उतरवावं लागलं.

आणि पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून सबफ्रेम (इंजिन पेलणारा खालचा सांगाडा) बघा. आपल्याकडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फासाठी टाकलेलं मीठ खालचं लोखंड खातं. ते सडलं असेल तर इंजिनावर एक डॉलरही घालू नका.

तुमचंच हाफ इंजिन (वरचं हेड सोडून ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन) बांधून घेण्याचाही विचार करा. ब्लॉक बिडाचा आहे, दणकट. क्रँक थोडीच ओरखडली असेल तर ग्राइंडिंग करून अंडरसाइज, म्हणजे घासलेल्या क्रँकच्या मापाची, बेअरिंग बसतील. मात्र त्याला चांगला मशिनशॉप आणि सवड हवी.

— बंडू, हार्टफर्ड

*

आप्पा, बंडूदादा,

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा. सबफ्रेमला वरवर गंज आहे, हातोडीने ठोकली तर ठणठणीत वाजली. ८० हजारवाल्या इंजिनाचं चेंबर उघडायला मी हट्टाने लावलं. जाळी जवळजवळ बंद! आमच्या इंजिनाची क्रँक फार खरवडली होती, म्हणून तेच बांधायचा बेत सोडला. शेवटी नॉर्थ कॅरोलायनातून, मागून ठोकर बसलेल्या २००६ च्या गाडीचं इंजिन मिळालं. जाळीचा फोटो मागवला, तिच्यातून पलीकडचा दिवा लख्ख दिसतोय. टर्बो आणि ऑइल कूलर दोन्ही नवे घेतले. गुरुवारी इंजिन चढतंय. तेल किती मैलांवर बदलू?

— शुभा

*

शुभा,

पूर्ण सिंथेटिक घाल आणि दर ५ हजार मैलांनी बदल, गाडीचं पुस्तक काहीही म्हणो. पहिलं तेल मात्र ५०० मैलांवरच काढ. जुना फिल्टर कापून घडीचा कागद उन्हात धर. त्यात चकाकी दिसली तर गाडी तिथेच ठेव आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

— आप्पा